खुणेपर्यंत तेल

फुलाबाई माझ्याशी पहिलं वाक्य बोलली तेव्हा आमच्या ओळखीला सतरा वर्षं झाली होती. ओळख तरी कसली म्हणायची! ती माझ्या चुलतभावाची, जयरामची बायको. मी जयरामपेक्षा सात वर्षांनी मोठा, म्हणजे तिचा थोरला दीर, भाया. आमच्या देवळ्याकडे भावजय भायासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून घेते आणि तोंड उघडत नाही. भायाही तिच्याशी सरळ बोलत नाही. बोलायचंच झालं तर मधे कुणीतरी लागतं. सासू असते, नवरा असतो, कुणीच नसेल तर गोठ्यातली गाय असते.

गाय मी थट्टेने म्हणत नाही. एकदा मी त्यांच्या ओट्यावरून उठून वहाणा घालायला निघालो, तर ही गोठ्यात उभी राहून गाईला सांगते, वहाणेत विंचू हाय, बघून घाला म्हणावं. मी वहाण झटकली आणि खरोखरच विंचू खाली पडला. मी तिचे आभार मानले का? नाही. मी जयरामच्या आईला, म्हणजे माझ्या कुसाबाई काकूला म्हणालो की काकू, तुमची सून हुशार आहे. सून चार हातांवर उभी होती. ही असली अक्कल आम्ही घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली.

मी सहादू. नाशिकला सातपूरमध्ये माझं डिझेल इंजिनांचं गॅरेज आहे. आयटीआय केलं, तिथल्याच एका कारखान्यात अकरा वर्षं पाळ्या केल्या आणि मग स्वतःचं शटर उघडलं. स्वभावाने मी तापट. हा मिस्त्री आधी शिव्या देतो आणि मग पाना हातात घेतो, असं ड्रायव्हर लोक माझ्याबद्दल सांगतात आणि ते काही खोटं सांगत नाहीत. जी इंजिनं मरतात त्यातली निम्मी ड्रायव्हरच्या आळसाने मरतात. मला त्या आळसाचा राग येतो.

एका ड्रायव्हरला मात्र मी कधी शिवी दिली नाही, तो जयराम. त्याची ट्रक १९८४ सालची, सहाचाकी, पुढे लांब नाक असलेली. त्याने ती १९९१ साली जुनी घेतली. देवळ्याहून कांदा भरून वाशीला जायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा. आमच्याकडची धूळ इंजिनाची वैरी. जुन्या गाड्यांमध्ये हवा आत जाताना आधी एका लोखंडी डब्यातून जाते. डब्याच्या तळाशी पसरट वाटी असते आणि वाटीत तेल. धूळ त्या तेलाला चिकटून बसते आणि स्वच्छ हवा तेवढी पुढे जाते. ही वाटी काढून, डिझेलने धुऊन, आतल्या खुणेपर्यंत नवं तेल भरायचं हे आठवड्याचं काम. करतं कोण? कुणी नाही. वाटीत तेलाऐवजी चिखल साचतो, धूळ आत शिरते आणि दोन-तीन वर्षांत इंजिन खोलावं लागतं.

जयरामचं इंजिन अकरा वर्षांत एकदाही खोलावं लागलं नाही. वाटी बघावी तर आरशासारखी. मी दहा ड्रायव्हरांसमोर त्याला उभा करायचो आणि म्हणायचो, बघा रे, शिका काहीतरी माझ्या भावाकडून. जयराम मान खाजवत हसायचा. "दर आठवड्याला साफ करतो दादा," म्हणायचा. माझी छाती फुगायची.

२००२ साली त्याच्या डोक्यात टर्बोचं खूळ शिरलं. खूळ तरी कशाला म्हणू, त्याचं बरोबर होतं. कसारा घाट भरल्या गाडीने चढताना ही म्हातारी माणसाच्या चालीने चालायची, दोनदा थांबून पाणी प्यायची, आणि नव्या टर्बोवाल्या गाड्या हॉर्न मारत बाजूने निघून जायच्या. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तितकं डिझेल जास्त, तितकी ताकद जास्त. माझ्याकडे एका अपघातातल्या गाडीचा चांगला टर्बो पडून होता. मार्चमध्ये जयराम गाडी घेऊन आला. फुलाबाईची दाढ दुखत होती, डॉक्टरला दाखवायचं म्हणून तीही बरोबर आली आणि माझ्या बायकोजवळ, ललिताजवळ राहिली.

पाच दिवस मी त्या इंजिनाला बिलगून होतो. पाईप वाकवले, तेलाची वेगळी नळी दिली, डिझेलचा पंप नव्याने लावून घेतला. हवेचा डबा मात्र जुनाच ठेवला. कागदी फिल्टरचा मोठा डबा त्या नाकात काही केल्या बसत नव्हता. काहीही करून तो बसवायला हवा होता, हे मी आज लिहून ठेवतो. त्या वेळी मी म्हटलं, जयरामसारखा माणूस आहे, जुन्या डब्यावर भागेल.

पाचव्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं. काय आवाज होता! मी जयरामला बॉनेटजवळ बोलावलं आणि एकेक गोष्ट सांगायला लागलो. गाडी थांबवल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं चालू ठेवायचं. सुरू केल्या केल्या रेस करायची नाही. आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. मी म्हणालो, वाटीतलं तेल आता खुणेच्या वर एक थेंबही जाता कामा नये, कारण हा पंखा...

तेवढ्यात दारात फुलाबाई आली. ललिताने आमचा जेवणाचा डबा तिच्याबरोबर पाठवला होता. ती दिसल्याबरोबर मी गप्प झालो, पाठ फिरवली आणि मागच्या दाराने हात धुवायला गेलो. भावजय आली की भायाने तिथे घुटमळायचं नसतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते हाडात होतं. परत आलो तर जयराम जेवायला बसला होता, ती निघून गेली होती आणि मी विचारलं, कळलं ना तेलाचं? तो तोंडात घास घेऊन हं म्हणाला.

त्यानंतर दोन महिने जयरामचे फोन येत राहिले. कसारा एका दमात चढतो दादा. गाडी पोरीसारखी पळते दादा. मध्येच एकदा म्हणाला, कधी कधी निळसर धूर येतो. मी म्हणालो, नवीन काम आहे, बसेल हळूहळू. असा मी हुशार.

वैशाखात आखाजीला मी देवळ्याला गेलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. उन्हाळी कांदा काढण्याचे दिवस होते. सगळा रस्ता, सगळी शिवारं धुळीने पांढरी झालेली. जेवणं झाली आणि जयराम म्हणाला, दादा चला, आवाज ऐका. गाडी अंगणापलीकडे निंबाखाली उभी होती. सकाळीच धुतलेली, बॉनेटला झेंडूची माळ. मी खाट ओढून पंधरा हातांवर बसलो.

त्याने इंजिन सुरू केलं, जरा गरम होऊ दिलं, आणि मला दाखवायला म्हणून पाय पूर्ण दाबला. आवाज वर चढला. मी मान डोलावली. त्याने पाय काढला. आवाज खाली आला नाही.

खाली तर नाहीच, आणखी वर गेला. मी तीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकले आहेत, पण तसा कधी ऐकला नव्हता. डुकराचा गळा धरल्यासारखं ते किंचाळत होतं. सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर उठला आणि अंगण दिसेनासं झालं. झोक्यावरच्या पोरी किंचाळत घरात पळाल्या. जयरामने इंजिन बंद करायची वायर ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, वायरच हातात आली. डिझेल तोडलं तरी इंजिन चालत होतं, कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं. ते हवेच्या डब्यातलं तेल ओढून पीत होतं. टर्बोची ओढ मोठी, तेल भरपूर, आणि तेल हेही जळतंच. असं इंजिन स्वतःच्या वेगाने फुटेपर्यंत थांबत नाही. थांबवायचा उपाय एकच, त्याचा श्वास कोंडायचा.

मला हे माहीत होतं. माझे पाय मात्र जमिनीला खिळले. मी खाटेजवळूनच ओरडलो, "हवा बंद कर! जयराम, हवा बंद कर!"

त्याने ऐकलं. तो खाली उडी मारून बॉनेटकडे धावला, टर्बोच्या तोंडावरचा रबरी पाईप त्याने जोर लावून उपटून काढला, आणि मी सांगितलं होतं म्हणून, हवा बंद करायची म्हणून, त्या उघड्या तोंडावर उजव्या हाताचा पंजा दाबला.

पाईप निघाला तेव्हाच तेल तुटलं होतं. आणखी चार-पाच सेकंदांत ते इंजिन आपोआप मेलं असतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि माझ्या तोंडून आवाज फुटेपर्यंत पंख्याने त्याची बोटं ओढून घेतली होती. इंजिन थांबलं. इतकी शांतता झाली की निंबावरचे पक्षी ऐकू आले. जयराम आपल्या हाताकडे बघत उभा होता. हा हात आपलाच आहे हे त्याला पटलेलं दिसत नव्हतं. धावत आली ती फुलाबाई. तिने डोक्यावरचा पदर फाडून त्याच्या मनगटाला आवळला, आणि तेव्हा मी सोळा वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला.

अंगठा वाचला, चार बोटं गेली. रात्री त्याला नाशिकला आणलं.

दुसऱ्या दिवशी मी देवळ्याला परत जाऊन टर्बो खोलला. मला खात्री होती की माझीच चूक असणार, टर्बोचं सील गेलं असणार. पंख्याची पाती मोडली होती, पण सील धडधाकट होतं. मग मी हवेचा डबा उघडला. सगळा तेलाने माखलेला, वरच्या जाळीपर्यंत. वाटीच्या कडेला ताज्या तेलाची ओली रेघ होती, खुणेच्या चांगली दोन बोटं वर. मी तिथेच मातीत बसलो. अकरा वर्षं आरशासारखी वाटी ठेवणाऱ्या माणसाने हे केलं तरी कसं, हेच मला कळेना.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. जयराम पडून होता, हाताला पांढरा बोळा. कुसाबाई काकू उशाशी, फुलाबाई पायथ्याशी, पदर नाकापर्यंत. काकूने विचारलं, कशानं झालं रे सहादू? मी म्हणालो, वाटीत तेल जास्त होतं. पुढे मला म्हणायचं होतं की जयराम, तुला सांगितलं होतं ना. तेवढ्यात जयराम बोलला.

"तेल हिनं भरलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, हिनं? वाटी तू साफ करतोस ना? त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि मी पायथ्याशी पाहिलं. फुलाबाईचा हात पलंगाच्या दांडीवर होता. नखांच्या कडेने काळं. सोळा वर्षं ते हात माझ्यासमोर चहा ठेवत आले होते आणि मी धरून चाललो होतो की ती चुलीची काजळी आहे. ते तेल होतं.

माझ्या कानशिलात कुणीतरी दिल्यासारखं झालं. म्हणजे दहा ड्रायव्हरांसमोर ज्याचं मी कौतुक करत होतो, तो हा नव्हताच. त्या इंजिनाची खरी राखण करणारी माझ्या गॅरेजच्या दारात डबा घेऊन उभी होती, आणि मी तिला पाठ दाखवून निघून गेलो होतो.

काकूने कपाळ बडवलं. म्हणाली, या बाईनं माझ्या लेकाचा हात खाल्ला. नर्स आली, शेजारच्या पलंगांवरची माणसं उठून बसली. फुलाबाईने पदर आणखी खाली ओढला. एक शब्द बोलली नाही. बोलणार कशी, समोर भाया उभा होता.

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी जयरामला सांगितलं होतं, त्याने हिला सांगितलं नाही. बस, एवढंच. मी बोललो नाही. बोटं तुटलेल्या भावाला तोंडावर खोटं कसं पाडू, असं मी स्वतःला समजावलं. हे निम्मं खरं. उरलेलं निम्मं हे, की एकदा विषय उघडला असता तर जुना डबा कुणी ठेवला, निळ्या धुराकडे दुर्लक्ष कुणी केलं, आणि हवा बंद कर म्हणून कोण ओरडलं, हेही निघालं असतं. सातपूरमधलं माझं नाव मला प्यारं होतं. आज लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

चौदा महिने असेच गेले. गाडी विटांवर चढवून ठेवली. जयराम ओट्यावर बसून राहायचा. काकू सुनेच्या हातचं पाणी घेईना. गावात कुणाचं लग्न निघालं की बायका हळूच म्हणायच्या, तिला हळद दळायला बोलवू नका. ती दुसऱ्यांच्या कांद्यात निंदायला जायची. ललिता मला हे सगळं सांगायची आणि मी पेपर वाचायचो. शेवटी एकदा तिने पेपर ओढून घेतला आणि विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का? मी तिच्यावर ओरडलो. मला दुसरं काही येत नव्हतं.

२००३ च्या जुलैत एका सकाळी फुलाबाई गॅरेजात आली. एकटी. देवळ्याहून एसटीने नाशिकला आणि तिथून शहर बसने सातपूरला. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी सवयीने उठलो आणि मागच्या दाराकडे वळलो.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "मला तुमच्याशीच बोलायचंय."

दोन्ही कामगार माना वर करून बघायला लागले. मी त्यांना चहाला पाठवलं. तिने फडकं सोडलं आणि वाटी माझ्या टेबलावर ठेवली. घासूनपुसून लख्ख. तिने सांगितलं की गाडी ती पुन्हा रस्त्यावर काढणार आहे. ड्रायव्हर बघून ठेवला आहे. इंजिन मी बांधून द्यायचं. पण त्याआधी तिला या वाटीत तेल किती भरायचं ते दाखवायचं, कारण या वेळी ती दुसऱ्या कुणाला विचारणार नव्हती.

मी आतल्या रेघेवर बोट ठेवलं. ही खूण, म्हणालो.

"ती मला ठाव हाय," ती म्हणाली. "धुळीच्या दिसात मी दोन बोटं वर भरायची. अकरा वर्सं चाललं."

मी सांगितलं की अकरा वर्षं चाललं कारण तेव्हा टर्बो नव्हता. आता पंखा जोराने ओढतो, तेलसुद्धा उचलून नेतो. आता खुणेच्या वर एक थेंबही नको, खाली राहिलं तर चालेल. ती ऐकत होती. मग माझ्याकडे सरळ बघून तिने विचारलं, "हे तवा कुनाला ठाव व्हतं?"

या प्रश्नाला मी चौदा महिने भीत होतो. मी सांगितलं. मला माहीत होतं. मी ते जयरामला सांगत होतो, निम्मं सांगून झालं होतं, तेवढ्यात तू डबा घेऊन दारात आलीस आणि रीत म्हणून मी गप्प झालो. नंतर त्याला विचारलं, तो हं म्हणाला. हॉस्पिटलातही मला हे सगळं माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही.

तिने वाटी उचलली आणि आतल्या रेघेवरून बोट फिरवलं. बाहेर कारखान्याचा भोंगा वाजला.

"एवढंच सांगायचं व्हतं?" ती म्हणाली. "रेघेच्या वर नको, एवढंच? मी तिथं उभी व्हते की, दादा. ऐकलं असतं."

मी पन्नाशीचा माणूस, तिच्यासमोर स्टुलावर बसून रडलो. तिने मला रडू दिलं. धीर दिला नाही, शिवीही दिली नाही. रडून झाल्यावर म्हणाली, हे मला सांगून काय उपेग? घरी येऊन सांगा, सगळ्यांसमोर.

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर निघालो. एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो, मधे वाटीचं गाठोडं. त्या तीन तासांत मला कळलं की जिला मी सतरा वर्षं नुसता पदर म्हणून ओळखत होतो, ती कोण आहे. तिचं माहेर कळवणकडचं. वडिलांच्या विहिरीवर पाणी उपसायचं डिझेल इंजिन होतं आणि वडिलांना दमा. दहाव्या वर्षापासून हँडल मारून ते इंजिन सुरू करायची ती हीच. तेलाची वाटी धुवायला ती तिथे शिकली. लग्नानंतर ट्रक आली तेव्हा तिने बॉनेट उघडून पाहिलं आणि तिला तीच वाटी दिसली, फक्त मोठी. नवऱ्याला सांगितलं की हे मी करत जाईन. तो म्हणाला, कर, पण कुणाला बोलू नको, लोक हसतील. निळा धूर तिलाही दिसला होता. तिने जयरामला म्हटलं होतं, दादाला विचारा तरी. माझं उत्तर तिच्यापर्यंत पोचलं ते असं, की काही नाही, बसेल हळूहळू. मग धूळ वाढली आणि तिने नेहमीसारखं तेल वाढवलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. जयराम ओट्यावर, काकू दाराशी तांदूळ निवडत. मी बसलो नाही. अंगणात उभा राहिलो, फुलाबाईकडे तोंड केलं आणि मोठ्याने बोललो, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं. म्हणालो, फुलाबाई, तेलाची गोष्ट मी जयरामला सांगितली होती, तुला सांगितली नाही. तू माझ्यासमोर उभी होतीस तरी सांगितली नाही. तुझी यात काही चूक नाही. डबा जुना ठेवला तो मी आणि हवा बंद कर म्हणून ओरडलो तोही मीच.

काकूच्या हातातलं सूप खाली पडलं. मला वाटलं, लेकाच्या हाताचं ऐकून पडलं. काकूचं माहेर सटाण्याकडचं, रागावली की ती तिकडची बोली बोलते. "भावजयसंगे तोंडवर बोलस?" ती म्हणाली. "तुले लाज नही वाटस?"

मी थक्क झालो. एवढं सगळं ऐकून तिला धक्का बसला होता तो या गोष्टीचा. मी म्हणालो, "वाटते काकू. सतरा वर्षं बोललो नाही, त्याची वाटते."

मग जयराम बोलला. अंगठा उरलेला हात मांडीवर ठेवून, खाली बघत. "दादानं सांगितलं व्हतं. तिला सांगायचं माझ्याकडून राहिलं." मला वाटलं, संपलं. पण तो थांबला नाही. "दवाखान्यात तिचं नाव घेतलं तेव्हा मला ते आठवत व्हतं."

मी चौदा महिने समजत होतो की तो विसरला होता. वेदनेत बरळला होता. मी म्हणालो, मलाही आठवत होतं जयराम, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलो.

फुलाबाईने गाठोडं ओट्यावर ठेवलं. ती रागावली नव्हती. आवाजही चढवला नाही तिने. नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जणू आम्ही दोघं तिला आजच पहिल्यांदा दिसत होतो.

"म्हंजी त्या खोलीत," ती म्हणाली, "जिचं नाव घेतलं तिलाच ठाव नव्हतं."